कर्जाचे शिक्षण आणि बाईचा अंगठा

बायकांना छोटी कर्जे कशी द्यावीत हे शिकण्यासाठी परदेशी जाण्याची प्रथा आपल्याकडे आता चांगलीच रुळली आहे. बँकांचे अधिकारी जातात, स्वयंसेवी संस्थांचे चालक जातात, विद्यापीठांतले संशोधक जातात. ढाक्याला उतरायचे, तिथून एखाद्या खेड्यात जायचे, पत्र्याच्या छपराखाली रांगेने बसलेल्या बायका आणि त्यांच्या हातातली पासबुके पाहायची, टिपणे काढायची आणि परत येऊन अहवाल लिहायचा. अशा अहवालांच्या पायावर गेल्या चार दशकांत आपल्याकडे एक मोठी व्यवस्था उभी राहिली. ती आज पालघर जिल्ह्यात, बोईसरजवळच्या बेटेगावातही पोचली आहे. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, कुणाच्या तरी ओट्यावर बायका जमतात आणि हप्ता भरतात.

या प्रवासांचा इतिहास मात्र कुणी आपल्या बाजूने लिहिलेला दिसत नाही. शिकायला कोण गेले? त्यांनी काय पाहिले? काय बरोबर आणले आणि काय तिथेच ठेवून आले? आणि ज्या बाईच्या नावाने हे सारे झाले, तिला कधी कुणी शिकायला पाठवले का? कर्ज ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. आपल्या आज्या-पणज्यांचे आयुष्य कर्जातच गेले. म्हणून या व्यवस्थेकडे कौतुकाने किंवा रागाने पाहण्याआधी तिचा उगम तपासणे हे आपले काम आहे.

पहिली यात्रा

ग्रामीण कर्ज शिकण्यासाठी सरकारी खर्चाने परदेशी जाण्याची सुरुवात बांगलादेशापासून झालेली नाही. ती त्याच्या सुमारे नव्वद वर्षे आधीची आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे घेरून कर्जरोखे जाळले. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सावकार, कुळकर्णी आणि सरकारी कचेरी यांची साखळी उघडी करून दाखवली. त्याच सुमारास विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना पुढे आली. तिला लंडनची अंतिम मंजुरी मिळाली नाही. इथल्या मातीत तयार झालेली योजना दप्तरात पडली.

मग १८९२ मध्ये मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्यावर युरोपातील शेतकी बँकांचा अभ्यास करण्याची कामगिरी सोपवली. १८९५ आणि १८९७ असा दोन खंडांत त्यांचा अहवाल निघाला. त्याचा सारांश एवढाच होता की हिंदुस्थानाने आपला राइफायझन शोधावा. फ्रीडरिश राइफायझन हा जर्मनीतील एका खेड्याचा प्रमुख. १८४६-४७ च्या दुष्काळात त्याने गरिबांना धान्य पुरवण्याची व्यवस्था केली आणि पुढे १८६४ मध्ये हेडेसडॉर्फ येथे पतसंस्था उभी केली. तिचे तत्त्व अमर्याद जबाबदारीचे होते. एकाने कर्ज बुडवले तर सगळे सभासद आपल्या मालमत्तेनिशी जबाबदार. गावातले लोक एकमेकांना ओळखतात, एकमेकांवर नजर ठेवतात, म्हणून कर्ज परत येते, हा त्यामागचा विचार. या धर्तीवर १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला.

इथे थोडे थांबले पाहिजे. गाव म्हणजे एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांचा समूह, हे जर्मनीतल्या खेड्याबद्दल खरे असेल. आपल्या गावात ओळख होती, पण ती जातीची होती. गावकुसाच्या आतला आणि बाहेरचा एकमेकांचे जामीन कसे होणार? ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याच्या कर्जाची हमी कोण घेणार? निकल्सनांच्या अहवालातून तत्त्व आले, पण ज्या समाजात ते रुजवायचे त्याची रचना त्या तत्त्वाच्या विरुद्ध होती. सहकार मग जमीन असणाऱ्यांच्या हाती गेला, यात नवल नाही. गोरवाला समितीने १९५१-५२ मध्ये देशभर ग्रामीण पतपाहणी केली आणि १९५४ मध्ये अहवाल दिला. कायद्याला पन्नास वर्षे झाल्यावरही शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के होता. सावकारांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास होता. आणि या आकड्यांत बाई कुठेच नव्हती. सातबारा तिच्या नावावर नव्हता, म्हणून तारण नव्हते, आणि तारण नव्हते म्हणून ती कर्जदार नव्हती.

ठाणे जिल्ह्यातले कर्ज

आजचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी निर्माण झाला. त्याआधी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्याचा. या मुलखात कर्जाने माणसाचे काय केले, याचे दाखले दूर जाऊन शोधायला नकोत. पावसाळ्यात घरातले दाणे संपले की वारली, कातकरी, कोकणा, दुबळा कुटुंबे सावकाराकडून खावटी आणत. ती पिकावर सवाईने किंवा दिढीने फेडायची. म्हणजे चार पायली नेली तर पाच किंवा सहा द्यायच्या, आणि तेही चार-सहा महिन्यांत. पीक सावकाराच्या खळ्यात, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा खावटी. ही साखळी पिढ्यान्‌पिढ्या चालली.

त्याहून भयंकर प्रथा लग्नगड्याची. लग्नासाठी तरुणाने जमीनदाराकडून थोडी रक्कम घ्यायची आणि तिच्या बदल्यात त्याच्या घरी राबायचे. हिशेब जमीनदाराकडे. कर्ज फिटायचे नाही. लग्नगड्याबरोबर त्याची बायकोही राबायची. तिने कर्ज घेतले नव्हते, कागदावर तिचा अंगठा नव्हता, पण फेडीत तिचे अंग होते. तिच्या श्रमावर आणि पुष्कळदा तिच्या शरीरावरही जमीनदार हक्क सांगत असे. मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन या अधिकाऱ्याच्या १९३९ च्या अहवालात या वेठीची सरकारी नोंद आहे. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगार व लग्नगडी पद्धतीविरुद्ध लढा दिला. त्या वर्षीच्या मे महिन्यातील झरी गावची परिषद आणि ऑक्टोबरमधला तलवाड्याचा गोळीबार या त्या लढ्यातल्या खुणा आहेत. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो इतिहास नोंदवून ठेवला. तरी वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा यायला १९७६ उजाडले, आणि त्यानंतरही विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेला १९८२ पासून याच जिल्ह्यात वेठबिगार सोडवण्यासाठी झगडावे लागले.

तेव्हा कर्ज हे नुसते पैशाचे देणे-घेणे नसते. ज्याच्याकडे जमीन नाही, मजुरीची शाश्वती नाही, त्याच्यासाठी कर्ज ही बेडी होऊ शकते. हा धडा ठाणे जिल्ह्याने स्वतःच्या पाठीवर घेतलेला आहे. कर्ज शिकायला निघालेल्यांनी आधी इथे उतरायला हरकत नव्हती.

अहमदाबाद, गिरणगाव आणि जोब्रा

१९७० नंतरच्या काही वर्षांत तीन वेगवेगळ्या ठिकाणी एकाच प्रश्नावर काम सुरू झाले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झाले होते. १९७२ पासून अतिगरिबांना ४ टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजनाही होती. पण कागदावरच्या योजनेपासून झोपडपट्टीतल्या बाईपर्यंतचे अंतर कोण तोडणार? अहमदाबादेत इला भट यांच्या ‘सेवा’ संघटनेतील सुमारे चार हजार कष्टकरी बायकांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन १९७४ मध्ये स्वतःची सहकारी बँक काढली. बहुसंख्य निरक्षर. सही येत नाही म्हणून नोंदणीला हरकत निघाली, तेव्हा त्यांनी रात्र जागून आपले नाव गिरवले. पासबुकावर फोटो लावून बँक चालवली.

मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांचा प्रश्न वेगळा होता. कोकणातून, घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांना त्या महिनाभर जेवू घालीत. पैसे पगाराला मिळत. मधल्या काळात वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज. कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी पाहिले की कामगाराला संघटना आहे, त्याचे पोट चालवणाऱ्या बाईला नाही. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले आणि एकमेकींच्या हमीवर या बायकांना बँक ऑफ बडोदाकडून कर्जे मिळाली. जिला तारण नाही, तिची शेजारीण हेच तारण. मुंबईत हे घडले तेव्हा जोब्रा गावाचे नाव बांगलादेशाबाहेर कुणाला ठाऊक नव्हते.

चितगाव विद्यापीठाजवळच्या या जोब्रा गावात अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहंमद युनूस यांनी १९७४ च्या दुष्काळानंतर काम सुरू केले. ४२ माणसांचे सावकारी देणे मिळून २७ डॉलर भरले. ते त्यांनी खिशातून दिले. १९७६ मध्ये प्रयोग सुरू झाला आणि १९८३ मध्ये सरकारी वटहुकमाने ग्रामीण बँक झाली. पाच जणींचा गट, आठवड्याची बैठक, आठवड्याचा हप्ता, एकमेकींवर नजर. पुढे २००६ मध्ये युनूस आणि त्यांच्या बँकेला नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. पडद्यात राहणारी बाई दर आठवड्याला घराबाहेर येऊन चारचौघीत बसते, आपले नाव सांगते, पैसे मोजते, ही लहान गोष्ट नाही. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

पण आपला प्रश्न वेगळा आहे. दादर स्थानकावर उतरून जिथे पायी जाता आले असते, तिथे शिकायला किती जण गेले? घरच्या बाईने लावलेला शोध आपल्याला शोध वाटत नाही. तोच परदेशाचा शिक्का लागून परत आला की त्याला ‘मॉडेल’ म्हणतात. त्यातही एक फरक नजरेआड झाला. अहमदाबाद आणि गिरणगावातल्या बायका आधी कामगार म्हणून संघटित झाल्या आणि मग कर्जदार झाल्या. संघटना आधी, कर्ज नंतर. परदेशाहून आलेल्या पद्धतीत गट कर्जासाठी बनतो आणि कर्ज संपले की गटही संपतो.

नानजिंगहून आलेली वाट

आपल्या बचत गटांच्या जन्मातही परदेशवारीचा भाग आहे. आशिया-पॅसिफिक भागातील शेतीपतपुरवठा संस्थांच्या संघटनेने १९८६ मध्ये चीनमधील नानजिंगच्या बैठकीत गरिबांचे स्वयंसहाय्य गट बँकांशी जोडण्याचा विचार मांडला. इंडोनेशियात तसा प्रकल्प सुरू झाला. नाबार्ड या चळवळीत सामील होती. पण इथे एक गोष्ट चांगली घडली. नाबार्डने परदेशातला नमुना जसाच्या तसा उचलला नाही. कर्नाटकात ‘मायराडा’ संस्थेच्या कामात मोठ्या सहकारी संस्था मोडल्यावर लोकांनी आपापले छोटे गट केले होते. १९८७ मध्ये नाबार्डने त्यांना दहा लाखांचे साहाय्य दिले, पुढे अकरा राज्यांतील ४३ संस्थांचा अभ्यास केला आणि १९९२ मध्ये पाचशे गटांचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. या पद्धतीत आधी बचत, मग आपसातले कर्ज, आणि शेवटी बँक. पैसा गटाचा, व्याजही गटाकडेच.

महाराष्ट्रात १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, १९९४ चा ग्रामीण पतपुरवठा कार्यक्रम आणि २०११ नंतरचे ‘उमेद’ अभियान यांतून ही चळवळ गावोगाव गेली. म्हसवडला चेतना सिन्हांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. गटाच्या निमित्ताने बायका तहसील कचेरीत जाऊ लागल्या, ग्रामसभेत बोलू लागल्या, काही सरपंच झाल्या. मात्र गट ‘एकजिनसी’ असावा या नियमाचा आपल्याकडे काय अर्थ झाला तेही सांगितले पाहिजे. एकजिनसी म्हणजे सारख्या परिस्थितीतले, असा कागदावरचा अर्थ. वस्तीवर त्याचा अर्थ पुष्कळदा एका जातीचे असा होतो. बौद्धवाड्याचा गट वेगळा, पाड्यावरचा वेगळा, गावातला वेगळा. एकत्र सतरंजीवर बसण्याचा प्रश्नच मग येत नाही. जातीने दिलेली विभागणी कर्जाने पक्की केली. परदेशातून परतलेल्या अहवालांत या प्रश्नाला जागा नसते, कारण तिथे गेलेल्यांना तो इथेही दिसलेला नसतो.

व्याजाचे गणित

२००० नंतर या क्षेत्रात नफ्याच्या कंपन्या उतरल्या. गट हवा होता तो वसुलीसाठी. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये एका मोठ्या कंपनीचे भाग शेअर बाजारात आले. त्याच वर्षी कर्जवसुलीच्या जाचातून झालेल्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. मालेगाम समितीने २०११ मध्ये व्याजाला २४ टक्क्यांची मर्यादा सुचवली. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नवी चौकट आणली. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला बिनतारण कर्ज, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नकोत, असा नियम झाला. पण व्याजदरावरची मर्यादा उठली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत.

व्याजाचे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. समजा दहा हजारांचे कर्ज, ‘बारा टक्के सरळ व्याज’, पन्नास आठवड्यांचे हप्ते. फेड ११,२०० रुपये, म्हणजे आठवड्याला २२४. ऐकायला स्वस्त वाटते. पण दर आठवड्याला दोनशे रुपये मुद्दल परत जाते. वर्षभरात बाईच्या हाती सरासरी दहा हजार नसतात, पाच हजारांच्या थोडे वर असतात. व्याज मात्र ती पूर्ण दहा हजारांवर भरते. खरा दर चोवीस टक्क्यांच्या आसपास जातो. जुन्या सावकाराच्या सवाईला आपण लूट म्हणत होतो. नव्या भाषेत तिला काय म्हणायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. सावकार वहीत लिहीत असे, हा संगणकात लिहितो, पावती देतो आणि नम्रपणे बोलतो, एवढा फरक जरूर आहे.

या कर्जांनी गरिबी हटते काय? बांगलादेशातच १९९६ मध्ये अ‍ॅन मरी गोएट्झ आणि रीना सेन गुप्ता यांनी दाखवून दिले की बाईच्या नावावरच्या कर्जाचा वापर मोठ्या प्रमाणात घरातला पुरुष ठरवतो. अमिनुर रहमान आणि लामिया करीम या बांगलादेशी अभ्यासकांनी पुढे लिहिले की वसुलीचे खरे हत्यार बाईची अब्रू आहे. हप्ता चुकला की चारचौघांत लाज काढली जाते, आणि ती काढणाऱ्या तिच्याच गटातल्या बायका असतात. २०१५ मध्ये हैदराबादसह जगातल्या सहा ठिकाणच्या पाहण्या एकत्र प्रसिद्ध झाल्या. छोट्या कर्जाने कुटुंबाला थोडी मोकळीक मिळते, पण गरिबीतून बाहेर काढणारा बदल त्यातून दिसत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. परदेशवारीवरून आलेल्या अहवालांत हे अभ्यास क्वचितच सापडतात. पाहुण्याला चांगली खोली दाखवतात, आणि पाहुणाही मागचे दार उघडून पाहत नाही.

बेटेगावात

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. त्याच्या शेजारी औद्योगिक वसाहत वाढली आणि बोईसर परिसराचा चेहरा बदलला. बेटेगावासारख्या गावांत मूळचे आदिवासी पाडे आहेत आणि विदर्भ, मराठवाडा, उत्तर प्रदेश, बिहार इथून पोटासाठी आलेल्यांच्या भाड्याच्या खोल्याही आहेत. मी ज्यांना शिकवते त्या मुलींच्या आया या वस्तीतल्या. ठेकेदाराकडे पॅकिंगला जाणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या. त्यांच्या बोलण्यात दोन शब्द स्पष्ट वेगळे आहेत, ‘बचत गट’ आणि ‘लोनचा गट’. बचत गट आपला, लोनचा गट कंपनीचा. हप्ता घ्यायला येणाऱ्या तरुणाला त्या ‘सर’ म्हणतात. तोही बहुतेक कुण्या गरीब घरचा, वसुलीच्या आकड्याला बांधलेला. कुणी किती हप्ते चुकवले हे त्या ‘सिबिल खराब झाले’ अशा भाषेत सांगतात. पूर्वी माणसाची जात विचारीत, आता सिबिलही विचारतात.

कर्ज कशाला घेतले, असे विचारले तर कागदावर एक उत्तर असते आणि तोंडी दुसरे. कागदावर शिलाई मशीन, किराणा, शेळी. तोंडी दवाखाना, खोलीची अनामत, मुलीची फी, नवऱ्याचे काम सुटले ते दोन महिने, आणि एका गटाचा हप्ता भरण्यासाठी घेतलेले दुसऱ्या गटाचे कर्ज. यांतले कोणतेही कारण उधळपट्टीचे नाही. पण यांतल्या एकाही कारणातून उत्पन्न निघत नाही. सरकारी दवाखाना नीट चालला, ठेकेदाराने किमान वेतन दिले, मुलीची शिष्यवृत्ती वेळेवर आली, तर यातली निम्मी कर्जे घ्यावीच लागणार नाहीत. जे हक्काने मिळायला हवे ते बाई व्याजाने विकत घेते आहे.

मी हे तुच्छतेने लिहीत नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माझ्या अकरावीच्या प्रवेशाचे पैसे आईला लागलेल्या भिशीतून आले. वीस बायका, दर महिना शंभर रुपये, चिठ्ठी निघेल तिला दोन हजार. व्याज नाही, कागद नाही, बुडवणारी कुणी नाही. ही भिशी शिकायला आई कुठे गेली नव्हती. हे ज्ञान आमच्या वस्तीत होतेच. म्हणून मला बायकांच्या पैशाच्या व्यवहाराबद्दल शंका नाही. शंका आहे ती, त्यांच्या परस्परविश्वासावर दुसऱ्याने नफा कमावण्याबद्दल.

लग्नगड्याच्या काळात कर्ज नवऱ्याचे होते आणि फेडणारी बाई होती, कागदावर मात्र ती नव्हती. आज कागदावर बाई आहे, अंगठा किंवा सही तिची आहे, फोटो तिचा आहे आणि फेडणारीही तीच आहे. मधला पैसा कुठे कुठे जातो हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे आला काय, हा खरा प्रश्न आहे. तो आला असेल तर परिवर्तन झाले. नसेल तर वहीतले नाव तेवढे बदलले.

पालघरला शिकायला आलेले

आता एक उलटा प्रवास सांगितला पाहिजे. १९७० च्या जमीन बळकाव आंदोलनानंतर पालघर तालुक्याच्या जंगलपट्टीत काळूराम धोदडे आणि त्यांच्या आदिवासी सहकाऱ्यांनी भूमिसेना उभी केली. बळकावलेल्या जमिनी परत मिळवणे, किमान वेतन, वेठीतून सुटका, रोजगार हमीची कामे हे तिचे प्रश्न. गावागावांत तरुण मंडळे बसत आणि निर्णय तिथे होत. ही संघटना अभ्यासण्यासाठी बाहेरून चार अभ्यासक आले. श्रीलंकेचे जी. व्ही. एस. डी सिल्वा व पोन्ना विग्नराजा, भारताचे निरंजन मेहता आणि बांगलादेशाचे अर्थतज्ज्ञ महंमद अनिसुर रहमान. त्यांचा अभ्यास १९७९ मध्ये स्वीडनमधून निघणाऱ्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि लोकसहभागी संशोधनाच्या विचारात आजही त्याची दखल घेतली जाते.

म्हणजे युनूस यांचा प्रयोग जोब्रात वाढत होता त्याच वर्षांत एक बांगलादेशी अर्थतज्ज्ञ पालघरच्या पाड्यांवर शिकायला आला होता. इथल्या माणसांकडे शिकवण्यासारखे काही आहे हे त्याला कळले. आपल्या बँकांना, विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना ते कळले काय? भूमिसेनेने कर्ज मागितले नव्हते. तिने जमीन मागितली, मजुरी मागितली, आणि आपले निर्णय आपण घेण्याचा अधिकार मागितला. कर्जाचा प्रश्न या तिन्ही गोष्टींनंतर येतो. त्या मिळाल्या तर कर्ज हे अवजार होते. त्या नाकारून दिलेले कर्ज दाव्यासारखे गळ्यात पडते.

परदेशी शिक्षण कसे असावे

परदेशी जाऊन शिकण्याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. आपल्या समाजाला तर परदेशी शिक्षणाचे मोल कुणी वेगळे सांगायला नको. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला आणि नंतर लंडनला अर्थशास्त्र शिकले. पण ते तिथून तयार नमुना घेऊन आले नाहीत. परत आल्यावर १९१८ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतीच्या प्रश्नावर निबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखवले की शेत लहान की मोठे हा मूळ प्रश्न नाही. भांडवल अपुरे आणि शेतीवर अवलंबून असलेली माणसे फार, म्हणून शेती तोट्यात आहे. इलाज म्हणून त्यांनी उद्योगीकरण सांगितले. तारापूरला उद्योग आले. पण त्यांच्या दाराशी राहणारी बाई ठेकेदाराची रोजंदार झाली आणि घर चालवण्यासाठी कर्जदार झाली. बाबासाहेबांना अभिप्रेत असलेले उद्योगीकरण हे नव्हे. १९४२ च्या नागपूर परिषदेत त्यांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, असे सांगितले होते. ती मोजपट्टी घेऊन आपण हप्त्यांची नव्हे, मालकीची मोजदाद केली पाहिजे. किती बायकांच्या नावे घर आहे, जमीन आहे, वनहक्काचा दावा मंजूर आहे, किमान वेतनाची पावती आहे?

म्हणून कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी हाती घ्यावीत अशी काही कामे आहेत. पहिले, आपापल्या वस्तीतल्या कर्जांची पाहणी. कोणाकडून, किती, कोणत्या खऱ्या दराने, कशासाठी. महाविद्यालयांतून हे सहज होऊ शकते. दुसरे, पेसा कायद्याचा वापर. १९९६ च्या या कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आदिवासींशी होणाऱ्या सावकारी व्यवहारांवर नियंत्रणाचा अधिकार दिला आहे आणि महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये झाले. पालघर जिल्ह्याचा मोठा भाग या क्षेत्रात येतो. वित्त कंपन्यांच्या कर्जापुढे हा अधिकार कुठवर चालतो, हा प्रश्न ग्रामसभांनी ठराव करून विचारलाच पाहिजे. तिसरे, खावटी. आदिवासी विकास महामंडळामार्फत वर्षानुवर्षे खावटी कर्ज दिले गेले. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात शासनाने ते कर्ज न ठेवता कुटुंबामागे चार हजारांचे अनुदान केले, निम्मे पैशाने, निम्मे वस्तूंनी. उपासमारीच्या महिन्यांत कर्ज नव्हे, अनुदान हाच मार्ग, हे शासनाने एकदा मान्य केले आहे. ते कायम करून घेतले पाहिजे.

आणि चौथे, पुढच्या वेळी कुणी बायकांचे कर्ज शिकायला परदेशी निघाले, तर त्या तुकडीत हप्ता भरणाऱ्या बाईला जागा मागितली पाहिजे. तिला इंग्रजी येत नाही, हे कारण चालणार नाही. दुभाषी अधिकाऱ्यांनाही लागतो. ती तिथल्या बाईला अहवालात नसणारे प्रश्न विचारील. पैसे कुणी खर्च केले? हप्ता चुकला तेव्हा काय झाले? घर कुणाच्या नावावर आहे? त्या दोघींचे जे बोलणे होईल ते मराठीत लिहून बेटेगावाच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचावे. कर्जाचे शिक्षण आजवर देणाऱ्यांनी घेतले. आता ते फेडणाऱ्यांनी घेण्याची वेळ आली आहे.